उजेडाची घागर

दादा गेल्याची बातमी मला कासारणीनं दिली. वाशीमच्या आमच्या ओसरीवर पेटी टेकवून ती माझ्या हातात बांगडी चढवत होती आणि चढवता चढवता थांबून म्हणाली, “ताई, तुमच्या माहेरचे वकीलसाहेब गेले म्हणून राहिले लोक. तुमाला सांगावा आलाच असंल की.” सांगावा आला नव्हता. यायला वाटच नव्हती. माझं माहेर निजामाच्या हद्दीत, कळमनुरीच्या अलीकडे. एरवी आगगाडीनं हिंगोली आणि पुढं बैलगाडी, सकाळी निघालेली बाई दिवेलागणीला आईच्या उंबऱ्यावर. पण यंदाच्या पावसाळ्यात गाड्यांचा भरवसा नाही, टपालाचा पत्ता नाही, हद्दीपलीकडचं माणूस म्हणजे परदेशातलंच झालं होतं. ही बाई कुठून कशी आली, हे विचारायचंही मला सुचलं नाही. बांगडी अर्ध्या हातात अडकलेली, डोळ्यांत पाणी नाही... मनात आलं ते एवढंच, की आता हौदावरची घागर कोण उचलणार. सख्खा भाऊ गेला आणि मला घागर आठवते, याची मग माझी मलाच लाज वाटली. कासारणीनं बांगडी हळूच काढून घेतली आणि दुसरीकडे बघत बसून राहिली.

आता राज्य बदललं, गाड्या सुरू झाल्या, मी जाऊन आले. गाव ज्याला माधवराव वकील म्हणायचं त्या माझ्या दादाला ओळखणारे पुष्कळ आहेत. त्याच्या फर्ड्या उर्दूबद्दल, उलटतपासणीत समोरच्याला घाम फोडण्याबद्दल ते लिहितील, लिहोत बापडे. मला वकिलीतलं काही कळत नाही. मला त्याची एकच गोष्ट पक्की ठाऊक आहे, आणि ती सांगितल्यावर तो भला माणूस दिसेल की भेकड, हे माझं मला अजून ठरवता आलेलं नाही. गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. असलं गाव बघायला कुणालाच फार लांब जावं लागत नाही.

दादाला लहानपणापासून विचारायची खोड होती. आमचे वडील फार कडक, त्यांच्या धाकानं लागलेली असणार. परसातल्या आपल्याच झाडाचा पेरू तोडायचा तरी हा आधी विचारून येणार. झोपेतून उठून “मी पाणी पिऊ का?” म्हणणारं लेकरू मी तरी दुसरं पाहिलं नाही. आम्ही भावंडं त्याला ‘विचारून येतो’ असंच चिडवायचो, कारण कुठलीही गोष्ट काढली की त्याचं पहिलं वाक्य तेच. पुढं तो वकील झाला तेव्हा आई म्हणाली, बरं झालं बाई, आता इजाजत मागायचेच पैसे मिळतील. तो हसला होता. एका गोष्टीत मात्र त्याची ही खोड कुठं पळून जायची कोण जाणे. चाकं, कळा, यंत्रं असलं काही डोक्यात शिरलं की तो देवालासुद्धा विचारत नसे.

गावाला नळ आला तो माझ्या लग्नाच्या थोडा आधी. माळावरच्या तलावातून लोखंडी नळ टाकून बलदियानं, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेनं, पाणी खाली भर बाजारात आणलं आणि दगडी हौद बांधला. उंचावरून येणारं ते पाणी असल्या जोरानं पडायचं, की खालच्या फरशीला वर्षभरात खळगा पडला. धारेखाली घागर धरली तर हातातून निसटायची. बायकांना त्याचं हसू यायचं, पोरं मुद्दाम डोकं घालायची. दादा त्या बलदियाचा मेंबर होता, रोज कोर्टाला निघताना हौदापाशी थांबायचा, आणि त्याला तो खळगा बघवेना. मला म्हणायचा, “सुमे, फरशी फोडण्याएवढी ताकद रोज फुकट चाललीय बघ. आणि आपण रॉकेलच्या चिमणीखाली डोळे फोडून राहिलो.”

कुठल्याशा उर्दू मासिकात त्यानं एक चित्र पाहिलं होतं. चाकाच्या कडेनं वाट्या, वाट्यांवर पाण्याची धार, धारेनं चाक गरगर फिरतंय, आणि चाकाच्या आसाला जोडलेला डायनामो वीज काढतोय. डायनामो त्यानं हिंगोलीच्या छावणीतल्या एका मोडक्या मोटारीतून मिळवला. चाक गावच्या लोहारानं केलं. पण वाट्या जमेनात, पत्र्याच्या केल्या की धारेखाली चेपायच्या. मग एका सणाच्या दिवशी आई वाढायला उठली तर घरात एक डाव नाही, एक पळी नाही. पितळेच्या सगळ्या पळ्या दांडे कापून चाकाला जाऊन बसल्या होत्या. पाहुण्यांना वरण वाटीनं वाढावं लागलं. “प्यायचं पाणी विचारून पितोस, आणि माझ्या पळ्या नेताना तोंडाला काय झालं होतं?” एवढं बोलून आईनं त्याच्याशी अबोला धरला. पण हौदाशेजारच्या खोलीत त्याच मोडक्या मोटारीचा दिवा पहिल्यांदा पेटला, तेव्हा पदर डोक्यावर घेऊन सगळ्यात पुढं तीच उभी होती. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, माझ्या पळ्या आहेत त्या.

गाव लगेच मानतं होय? चार दिवसांत बोभाटा झाला, की वकिलानं पाण्यातली ताकद काढून घेतली, आता हे नुसतं चोथा पाणी राहिलं. कुणाच्या घरी डाळ शिजेना, कुणाच्या म्हशीचं दूध पातळ झालं, एका म्हाताऱ्याचे गुडघे नळाच्या पाण्यानं दुखायला लागले. दादानं काय करावं? त्यानं भर बाजारात दोन चुली मांडल्या. एका पातेल्यात चाकावरून पडलेलं पाणी, दुसऱ्यात चाक बाजूला सारून धरलेलं, दोन्हींत एकाच पोत्यातली तूरडाळ, आणि स्वतः काळा कोट घालून दोन्ही चुलींच्या मध्ये फुंकणी घेऊन बसला. दोन्ही डाळी बराबर शिजल्या. गावानं दोन्ही खाल्ल्या, आणि चाकाच्या पाण्याची जरा बेचवच होती असं म्हणत घरी गेलं. त्या दिवसाइतका आनंदात मी दादाला नंतर कधी पाहिला नाही. वहिनी पटकीत गेली त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते, त्यानं पुन्हा लग्न केलं नाही, आणि आम्हाला वाटायचं, चला, चाकानं का होईना, माणूस सावरला.

ज्या खोलीत दिवा लावला ती जनाना दवाखान्याची खोली. तिथं मरियमबी नावाची सुईण असायची. हाताची फार हुशार, आणि तोंडाची त्याहून. लढाई सुरू झाली, रॉकेल मिळेनासं झालं, तसा तो दिवा म्हणजे बाळंतिणींचा आधार झाला. पण त्यात एक अडचण होती, ती नीट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. हौदात एक पोकळ तांब्याचा गोळा तरंगायचा. हौद काठाला लागला की गोळा वर येऊन नळाचं तोंड बंद करायचा. धार थांबली की चाक थांबलं, चाक थांबलं की दिवा गेला. आधी वीज साठवायला मोटारीची बॅटरी होती, ती लवकरच बसली आणि लढाईत नवी कुठली मिळते. जादा पाणी जायला हौदाला मोरी होती, पण उन्हाळ्यात तलावाचा तळ दिसायला लागला, पाण्यावरून भांडणं झाली, तेव्हा थेंब वाया जाऊ नये म्हणून दादानंच ती मोरी चुन्यानं पक्की लिंपून घेतली, आणि हौदापाशी पाणी सांडणाऱ्याला बलदियानं दंड लावला. मग दिवा जळता ठेवायचा तर एकच उपाय उरला. कुणीतरी हौदातून पाणी काढत राहायचं.

त्याचीच गावात रीत पडली. संध्याकाळी दवाखान्यात बाई अडली की मरियमबी दारात येऊन ओरडायची, “पानी काढो गे मायांनो, बत्ती जाती.” आणि बाजारातल्या, वरच्या आळीतल्या बायका हातातलं काम टाकून घागरी घेऊन निघायच्या. पाणी पाहिजे असो नसो. रांजण भरायचे, माठ भरायचे, गुरांच्या डोण्या भरायच्या, शेजारणीच्या न्हाणीतलं घंगाळ भरायचं. या रीतीला म्हणायचे उजेडाची घागर. एकमेकींशी वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या जावासुद्धा उजेडाच्या घागरीला शेजारी उभ्या राहायच्या. दादाला ही रीत फार आवडायची. माझं चाक नुसतं निमित्त आहे, खरा दिवा बायाच पेटवून राहिल्या, असं तो सगळ्यांना सांगायचा.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा मलाही त्याच खोलीत नेलं. दुपारपासून अडले होते. दिवेलागण झाली, बाहेर घागरींचा आवाज सुरू झाला आणि डोक्यावरचा दिवा लालसर होता तो पिवळा, पिवळा होता तो पांढरा झाला. त्या दिव्याकडे बघत मी कळा सोसल्या. तो मंद झाला की मला कळायचं, बाहेर घागर थांबली. पुन्हा उजळला की कळायचं, कुणीतरी आली. पण माझी सुटका होईना, आणि वरच्या आळीतली सगळी भांडी भरून गेली. रिकामं भांडं उरलं नाही. दिवा मिणमिणायला लागला, मरियमबी मला शिव्या देत होती आणि अल्लाला हाका मारत होती... आणि मग दिवा एकदम उजळला आणि उजळलेलाच राहिला. माझी प्रभा त्या उजेडात झाली. मागाहून आईनं सांगितलं, खालच्या वस्तीतल्या बाया आपल्या रिकाम्या घागरी घेऊन आल्या होत्या. गाव जिला महारवाडा म्हणतं ती वस्ती. हौदाला हात लावायची त्यांना बंदी होती, म्हणून त्या रस्त्यापलीकडे थांबल्या, आणि आमच्या बायकांनी हौदातून काढून त्यांच्या घागरींत वरून पाणी ओतलं. खेप नेऊन टाकायच्या आणि पुन्हा यायच्या. आई कौतुकानं सांगत होती, बघ, कशी माणसं आहेत. मीही कौतुकानं ऐकलं. वरून ओतलं, याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

त्या बायांमध्ये गिरजाबाई होती आणि तिची सून काशी होती. नव्यानं नांदायला आलेली, अंगानं बारीक. मी प्रभाला घेऊन वाशीमला निघाले तेव्हा वाटेत भेटली, लांबूनच लेकराला बघितलं आणि म्हणाली, “माझ्या घागरीनं झाली बरं का ही.” मी हसले. गाडीवानानं बैल हाकले.

दुसऱ्या वर्षी महाशिवरात्र झाल्यावर दादा न कळवता वाशीमला आला. कोट धुळीनं भरलेला, दाढी वाढलेली. पाय धुतले नाहीत, पाणी घेतलं नाही, ओसरीवर भिंतीला टेकून बसला आणि प्रभा रांगत त्याच्या पायाशी गेली तर तिला उचललीही नाही. बऱ्याच वेळानं म्हणाला, “काशी गेली गं.” मग तुटक तुटक सांगत राहिला.

शिवरात्रीची औंढ्याची यात्रा. नागनाथाच्या दर्शनाला गावच्या सगळ्या गाड्या जुंपलेल्या, वरच्या आळीत बाईमाणूस म्हणून राहिलं नव्हतं, आईसुद्धा गेली होती. दादा कोर्टाच्या कामामुळं मागं राहिलेला. संध्याकाळी काशीला बाजेवर घालून दवाखान्यात आणलं. तिच्याबरोबर वस्तीतल्या बाया आल्या, घागरी घेऊनच आल्या, रीत त्यांनाही ठाऊक होती. रस्त्यापलीकडे येऊन उभ्या राहिल्या. पण ओतायला अलीकडे कुणी नव्हतं. काशीला मुलगी झाली तोवर हौद भरत होता, धार चालू होती. लेकरू झालं, आणि काशीचं रक्त थांबेना. कुठं फाटलंय ते बघून टाका घालायचा तर उजेड पाहिजे, आणि हौद काठाला आलेला. दादा हौदापाशीच उभा होता. गिरजाबाई रस्ता ओलांडून निम्म्यात आली आणि म्हणाली, “वकीलसाहेब, धार बारीक होऊन राहिली. आमी भरू का?”

“आणि मी काय म्हणालो असेन, सांग.” दादानं मला विचारलं.

मला ठाऊक होतं. लहानपणापासून चिडवत आलेलं वाक्य.

“थांबा म्हणालो. विचारून येतो म्हणालो.” तो पळत सुटला होता. एक मेंबर घरी होते, उपासाचा फराळ करत होते. म्हणाले, आमची हरकत नाही, पण दुसऱ्यांना विचारा. दुसरे म्हणाले, वेळ तशीच आहे म्हणा, पण उद्या हौद बाटला म्हणून गाव बोंबललं तर कागदावर काहीतरी पाहिजे. तिसऱ्यांच्या दाराला कुलूप. तो परत आला तेव्हा खोलीत अंधार होता. एरंडेलाची पणती लावून मरियमबी चाचपडत होती, आणि मग बाहेर आली. हात कोपरापर्यंत लाल. म्हणाली, “अब काय कू आये वकीलसाब?”

“नाही असं कुणीच म्हणालं नाही गं,” दादा म्हणाला. “एकानंही नाही म्हटलं नाही. मी नुसता विचारत फिरलो. काहून गेलो मी विचारायला? तिथं कोण होतं मला अडवायला? कुत्रंसुद्धा नव्हतं रस्त्यावर.” मग स्वतःचे दोन्ही हात पुढं धरून त्यांच्याकडे बघत म्हणाला, “आणि सुमे... मला हे हात होते की. दवाखान्याची घागर माझ्या पायाशी होती. मीच वाकून काढलं असतं, मीच ओतलं असतं. जन्मात पुरुषानं हौदावर पाणी भरलेलं कुणी बघितलं नाही, म्हणून माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. चाक माझं, दिवा माझा, घागर पायाशी... आणि मी मेंबरांकडे पळतोय.”

मी चहा ठेवला. आणि म्हणाले, “जाऊ दे दादा, तुझा एकट्याचा काय दोष. रीतच तशी आहे.” दादानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, “तूही मेंबरांसारखंच बोललीस.” त्यानं चहा घेतला नाही. त्या रात्री प्रभाला कुशीत घेऊन झोपताना मला काशीचं ते वाक्य आठवलं, आणि लेकराच्या अंगावरचा माझा हात मला जड झाला. त्या वस्तीतल्या घागरी नसत्या तर मी आणि प्रभा दोघी असतो की नसतो, हे मरियमबीनं मला तोंडावर सांगितलेलं होतं. ती देणगी मी घेतली, बारशाला पेढे वाटले, आणि माझा भाऊ त्यांच्या सुनेला घागरभर पाणी काढू देऊ शकला नाही. मी तिथं नव्हते हे खरं. असते तर काय केलं असतं, याचं उत्तर मला तेव्हा फार सोपं वाटत होतं.

त्यानंतर दादानं जे सुरू केलं त्याला गाव हसलं. रोज सकाळी कोर्टाला निघायच्या आधी काळ्या कोटातला वकील हौदावर जायचा, पितळेची घागर भरायचा आणि खांद्यावर घेऊन खालच्या वस्तीकडे चालू लागायचा. कोट भिजायचा, चप्पल चिखलानं भरायची. बायका पदराआड हसायच्या, पुरुष उघड हसायचे, एका पक्षकारानं तर वकीलपत्र काढून घेतलं. पहिल्या दिवशी तो गिरजाबाईच्या दारात गेला. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

“न्हाई लागत आमाला तुमच्या हातचं पानी,” ती म्हणाली. “आमच्या हिरीचं हाय. गढूळ हाय, पन हाय. द्यायचंच असंल तर हौद द्या, आमच्या हातानं भरू.”

“मी त्याच खटपटीत आहे, बाई. सभेपुढं ठेवलंय.”

“सभेपुढं काहून? सून माझी गेली. तुमी कोनाला इचारून राहिले?”

हे त्यानंच मला पुढं सांगितलं, अगदी तिच्या आवाजात. सभेत त्यानं विषय काढला, एकदा नाही, पुष्कळदा. बघू म्हणाले, पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाले, सवड काढून बोलू म्हणाले. तिथंही कुणी नाही म्हणालं नाही. आणि दादा, ज्यानं आईच्या पळ्या कुणाला न विचारता नेल्या, ज्यानं भर बाजारात चुली मांडल्या, तो तिथं एकदाही टेबलावर हात आपटून उठला नाही. मी त्याला हे तोंडावर बोलले आहे. चिंचोके खेळायच्या वयापासून त्याच्याशी भांडत आले, तेव्हा तेवढा हक्क मला होता. तो म्हणाला, “तुला वाटतं मला कळत नाही? उठायला जातो आणि तोंडातून आपोआप निघतं, अध्यक्षमहाराज, इजाजत असेल तर...” बोलता बोलता त्याचं त्यालाच हसू आलं आणि ते हसू बघून मला रडू.

घागर मात्र त्यानं सोडली नाही. वस्तीच्या तोंडाशी चिंचेचं झाड आहे, तिथं सकाळी भरलेली घागर ठेवायची, संध्याकाळी कोर्टातून येताना बघायची. ती भरलेलीच असायची. कुणी हात लावायचं नाही. मग चिंचेच्या बुंध्याशी ओतून रिकामी घागर घेऊन तो घरी यायचा. मी माहेरी गेले की हे बघायची. एकदा म्हटलं, “अरे, कशासाठी? त्यांना नको, तुला त्रास, झाडाला मस्त पाणी.” तर म्हणाला, “हात आहेत हे विसरायला नको म्हणून.” हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, आणि कौतुक करण्यासारखंही नव्हतं. गिरजाबाईला त्या घागरीचा काय उपयोग होता? पाणी त्याच्या मनासाठी होतं, तिच्या तहानेसाठी नव्हतं, आणि हे तिला बघताक्षणी कळलं होतं. मला ते कळायला तो जावा लागला.

परवा माहेरी गेले तेव्हा आई ओसरीवर बसली होती. रडून रडून कोरडी झालेली. दादाच्या शेवटच्या दिवसांचं विचारलं तर म्हणाली, तापात सारखा घागर मागायचा, आणि उठवत नव्हतं. त्याची खोली जशीच्या तशी. खुंटीला कोट, डाव्या खांद्यावर पाण्यानं पडलेला पांढरा डाग. दारामागं घागर. तळाला क्षारांचा थर बसलेला. मी ती उचलली. आई म्हणाली, “कुठं निघालीस?” म्हटलं, “हौदावर.” खरं तर माझ्याही मनात तेच होतं, दादासारखंच भरून चिंचेखाली नेऊन ठेवायची. एक दिवस तरी. त्याच्यासाठी.

दिवेलागण होत होती. बाजारात सामसूम. गडबडीच्या दिवसांत गेलेली कित्येक घरं अजून परतलेली नाहीत, वरच्या आळीत दारोदार कुलपं. हौदापाशी पोचते तो मरियमबी दारात. पार म्हातारी झाली आहे. मला ओळखलं, गळ्यात पडली नाही, आधी कामाचं बोलली, “आत बाई अडली, सुमाबाई. बाजारातली पोर है. हौद भर गया. काढो.” मी घागर बुडवली. पळ्यांचं चाक करकरत फिरायला लागलं, खिडकीतला दिवा लाल झाला, मग पिवळा. घागर भरली. आणि मी भरलेली घागर कमरेवर घेऊन उभी, सांडायचं नाही ही जुनी ताकीद डोक्यात, दुसरं भांडं नाही, धार पुन्हा बारीक व्हायला लागली.

रस्त्यापलीकडे पायांचा आवाज आला. कापूस वेचून परतणाऱ्या वस्तीतल्या बाया होत्या. मरियमबीची हाक त्यांच्या कानावर गेली असावी, कारण दोघीतिघी घराकडे वळून घागरी घेऊन आल्या. पुढं गिरजाबाई. पाठीत वाकलेली, पण तीच. रस्ता ओलांडून निम्म्यात आली. माझ्याकडे बघितलं, दादाच्या घागरीकडे बघितलं आणि म्हणाली, “ताई, आमी भरू का?”

मी वळून मागं बघितलं.

काय बघत होते मी? राज्य बदललेलं, गावात माणूस नाही, मेंबर कुठं पळाले त्याचा पत्ता नाही. आणि मी, दादाला भेकड ठरवायचं की भला हे वर्षानुवर्षं मनात तोलणारी, त्यांच्याच घागरींनी जिवंत राहिलेली मी, कुणी बघतंय का म्हणून मागं बघत होते. दादा त्या संध्याकाळी ज्या रस्त्यानं मेंबरांकडे पळाला, त्याच रस्त्याकडे.

पाण्यात घागर बुडल्याचा आवाज आला. मी तोंड फिरवलं तेव्हा गिरजाबाईचा हात कोपरापर्यंत हौदात होता. ती थांबली नव्हती. तिच्या मागं बाकीच्या बायांनी घागरी टेकवल्या. चाकानं वेग घेतला, खिडकीतला दिवा लख्ख पांढरा झाला, आणि आत मरियमबीचा शिव्यांचा आवाज सुरू झाला. तिनं भरलेली घागर काठावर ओढली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, “बघून काहून राहिल्या? हात लावा. डोईवर द्या.”

मी दादाची घागर खाली ठेवली आणि तिच्या घागरीला हात लावला. तोही तिनं सांगितल्यावर.